मधुमेहात ओमेगा-३: कधी, किती, आणि बाटली पारखायची कशी

ओमेगा-३, म्हणजे मासे आणि जवस यांच्या तेलातली ठरावीक स्निग्ध आम्लं, यांची कॅप्सूल रक्तातली साखर उतरवत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण बरेच जण ती त्याच आशेने सुरू करतात आणि तीन महिन्यांनी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा आकडा) होता तिथेच पाहून बाटली फडताळात मागे ढकलतात. ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात २०१९ साली ८३ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. त्यात एक लाख एकवीस हजारांवर माणसं होती. ओमेगा-३ वाढवल्याने मधुमेह टळतो असं दिसलं नाही. साखर, इन्सुलिन, एचबीए१सी यांतही नोंद घ्यावी असा फरक पडला नाही.

तरीही या तेलाचा मधुमेहात एक ठरावीक उपयोग आहे. मात्र त्यासाठी कारण नेमकं हवं, मात्रा पुरेशी हवी आणि तेल ताजं हवं. बहुतेकांचं गाडं या तीनपैकी एखाद्या ठिकाणी अडतं.

आधी ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’चं काय ते

दुकानदार, जाहिराती आणि नातेवाइकांचे व्हॉट्सॲप संदेश यांत हा शब्द सढळ हाताने वापरला जातो. पेशीच्या आत मायटोकॉन्ड्रियात अन्नापासून ऊर्जा तयार होते. रक्तात साखर चढलेली असली की काही पेशींत ती गरजेपेक्षा जास्त शिरते. ऊर्जा बनवणाऱ्या साखळीतून इलेक्ट्रॉन निसटतात, ऑक्सिजनला चिकटतात आणि सुपरऑक्साइड नावाचा उपद्रवी रेणू तयार होतो. रक्तवाहिन्यांचं अस्तर, डोळ्याचा पडदा, मूत्रपिंड आणि नसा इथल्या पेशींना बाहेर साखर वाढली तरी आपलं दार लावून घेता येत नाही. म्हणून मधुमेहाची झळ आधी तिथेच लागते. मायकेल ब्राउनली या अमेरिकी संशोधकाने २००१ मध्ये ही साखळी एकत्र जोडून मांडली आणि आजही मधुमेहातल्या गुंतागुंतीचं स्पष्टीकरण बऱ्याच अंशी त्याच चौकटीत दिलं जातं. या मांडणीत मूळ ठिणगी साखरेची आहे. ओमेगा-३ची कमतरता त्यात कुठे येत नाही.

ओमेगा-३ला ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणून विकलं जातं, ते तर रसायनशास्त्राच्या अगदी उलट आहे. नवीन क्रिकेट बॅटला जवसाचं तेल चोळतात आणि काही दिवसांत त्याची पापुद्र्यासारखी कोरडी पुटं धरतात, ती का? तेल उडून जात नाही, ते हवेतला ऑक्सिजन शोषून घट्ट होतं. जवसात ओमेगा-३ भरपूर आहे म्हणूनच हे घडतं, शेंगदाणा तेलाने बॅट अशी वाळत नाही. जवसातल्या एएलए या आम्लात ३ दुहेरी बंध असतात, माशातल्या इपीएत ५ आणि डीएचएत ६. दुहेरी बंध जितके जास्त, तितकं तेल ऑक्सिजनला लवकर बळी पडतं. म्हणजे हे तेल स्वतःच गंजणारं आहे.

मग शरीरात जाऊन ते ऑक्सिडेशन वाढवतं की कमी करतं? ऑस्ट्रेलियात पर्थ इथे टाइप २ मधुमेह आणि उच्च रक्तदाब असलेल्या पन्नासेक लोकांना ६ आठवडे रोज ४ ग्रॅम शुद्ध इपीए, शुद्ध डीएचए किंवा ऑलिव्ह तेल दिलं होतं. इपीए आणि डीएचए घेणाऱ्यांच्या लघवीतलं एफ२-आयसोप्रोस्टेन हे ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचं मोजमाप सुमारे एक पंचमांशाने घटलं. जाहिरातीत इथवरच सांगतात. त्याच प्रयोगात उपाशीपोटीची साखर मात्र साधारण १८ ते २५ मिलिग्रॅमने वर गेली होती. नंतरच्या मोठ्या आढाव्यांत सामान्य मात्रेला अशी वाढ दिसलेली नाही, पण ४ ग्रॅम सुरू करताना पहिले काही आठवडे घरी साखर तपासावी ती यासाठी.

आणखी एक खोच आहे. एफ२-आयसोप्रोस्टेन हे ॲराकिडोनिक आम्लापासून, म्हणजे एका ओमेगा-६ आम्लापासून बनतं. इपीए पेशीच्या आवरणात शिरताना या ॲराकिडोनिक आम्लालाच बाजूला सारतं. त्यामुळे आकडा घटला तो गंज कमी झाला म्हणून की गंजायला कच्चा मालच कमी उरला म्हणून, हे त्या एका तपासणीवरून सांगता येत नाही. एमडीए हे दुसरं लोकप्रिय मोजमाप याच्या उलट्या दिशेने फसवू शकतं, कारण ते बहुबंधी तेलांपासूनच तयार होतं. तात्पर्य, ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस प्रोफाइल’ असं नाव दिलेली महागडी रक्ततपासणी करून घेण्यात पैसे घालवू नका. तिच्या निकालावरून कोणताही डॉक्टर औषध बदलत नाही.

बाटली घेण्याआधी फाइल उघडा

एचबीए१सी, उपाशीपोटी केलेली लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी), थायरॉइडची टीएसएच, क्रिएटिनिन, लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचं प्रमाण आणि ईसीजी. मधुमेहाच्या नेहमीच्या तपासण्यांत यांतल्या बहुतेक आधीच झालेल्या असतात, फक्त त्या एकत्र मांडून बघायच्या. लिपिड प्रोफाइलसाठी १० ते १२ तास पोट रिकामं हवं. आदल्या रात्री लग्नाचं जेवण किंवा दारू झाली असेल तर तपासणी दोन-तीन दिवस पुढे ढकला, नाहीतर ट्रायग्लिसराइडचा, म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या चरबीचा आकडा उगाच फुगलेला येतो.

ट्रायग्लिसराइड १५०च्या खाली असेल तर कॅप्सूल घेण्याचं ठोस कारण उरत नाही. ‘असू दे, हृदयासाठी चांगलं’ म्हणून रोज एक घेणाऱ्यांसाठी ‘असेंड’ ही ब्रिटिश चाचणी पुरेशी बोलकी आहे. मधुमेह आहे पण हृदयविकार नाही अशा १५,४८० लोकांना त्यात घेतलं. निम्म्यांना रोज एक कॅप्सूल दिली, तिच्यात ४६० मिलिग्रॅम इपीए आणि ३८० मिलिग्रॅम डीएचए होतं. उरलेल्यांना ऑलिव्ह तेलाची कॅप्सूल. सरासरी ७.४ वर्षं पाहिल्यावर हृदयविकाराचा झटका, पक्षाघात वगैरे गंभीर घटना एका गटात ८.९ टक्के आणि दुसऱ्या गटात ९.२ टक्के लोकांना झाल्या. हा फरक योगायोगाच्या मर्यादेतला. मूत्रपिंडासाठीही तेच: २०१९ मध्ये आलेल्या अमेरिकी चाचणीत टाइप २ मधुमेहाच्या १,३१२ लोकांत ५ वर्षांनी ओमेगा-३ घेतल्याने मूत्रपिंडाची गाळणी टिकली असं दिसलं नाही.

ट्रायग्लिसराइड १५० ते ४९९च्या मध्ये असेल तर आधी कारण शोधा. साखर मोकाट असणं, दारू, थायरॉइड मंद असणं, पोळी-भात-बिस्किटांचा मारा, काही औषधं. एचबीए१सी १० वरून ७.५ वर आला की अनेकांचं ट्रायग्लिसराइड कॅप्सुलशिवायच खाली येतं. कारणं आवरून, स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध चालू असूनही आकडा दीडशेच्या वर राहत असेल आणि हृदयविकार झालेला असेल, किंवा पन्नाशी ओलांडलेली असून मधुमेहाबरोबर रक्तदाब वा धूम्रपानासारखी आणखी जोखीम असेल, तर डॉक्टरांशी शुद्ध इपीएच्या औषधाबद्दल बोलायला हरकत नाही. ‘रिड्यूस-इट’ या चाचणीत अशा ८,१७९ लोकांपैकी निम्म्यांना आयकोसापेंट इथाइल हे शुद्ध इपीएचं औषध रोज ४ ग्रॅम, म्हणजे जेवणाबरोबर सकाळ-संध्याकाळ २-२ ग्रॅम दिलं, तेव्हा हृदयाच्या घटना सापेक्षतः २५ टक्क्यांनी कमी झाल्या. मात्र त्यात तुलनेच्या गटाला खनिज तेल दिलं होतं, त्याने त्या गटाचं वाईट कोलेस्टेरॉल थोडं वाढलं आणि त्यामुळे फायदा प्रत्यक्षाहून मोठा दिसला का, हा वाद अजून मिटलेला नाही. इपीए-डीएचए मिश्रणाच्या ४ ग्रॅमची ‘स्ट्रेंथ’ चाचणी १३,०७८ लोकांवर झाली आणि २०२० मध्ये काहीच फायदा न दाखवता संपली. म्हणून ‘रिड्यूस-इट’चा दाखला देऊन कोणी दुकानातली साधी फिश ऑइलची बाटली खपवत असेल तर ते औषध निराळं आणि ही बाटली निराळी.

ट्रायग्लिसराइड ५००च्या वर, आणि विशेषतः हजाराच्या वर असेल तर प्रश्न हृदयापुरता राहत नाही. स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. इथे स्वतःहून कॅप्सूल सुरू करून तीन महिने वाट बघायची नाही, त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जायचं. फेनोफायब्रेट, दारू पूर्ण बंद, चरबी अगदी कमी, गरज पडली तर इन्सुलिन अशी उपचारांची मोट तिथे बांधली जाते. ओमेगा-३ त्यात जोडीला असतं.

मागची बारीक अक्षरं

बाटलीवर पुढे ‘१००० मि.ग्रॅ.’ असं ठळक छापलेलं असतं. तो तेलाचा आकडा आहे. कामाचा आकडा मागे, पोषणाच्या तक्त्यात असतो: इपीए किती आणि डीएचए किती. आपल्याकडच्या साध्या कॅप्सुलमध्ये बहुधा १८० मिलिग्रॅम इपीए आणि १२० मिलिग्रॅम डीएचए असतं. एकूण ३००. बाकीचे ७०० मिलिग्रॅम म्हणजे माशाचं इतर तेल.

ट्रायग्लिसराइड खाली आणायला इपीए आणि डीएचए मिळून रोज २ ते ४ ग्रॅम लागतात. ४ ग्रॅमला आकडा सुरुवातीला किती चढलेला आहे त्यानुसार २० ते ३० टक्के उतरतो. आता भागाकार करा. ३०० मिलिग्रॅमच्या कॅप्सुलने ४ ग्रॅम गाठायचे तर दिवसाला १३-१४ कॅप्सुला होतात. ‘रोज एक घेतोय, काही फरक नाही’ या तक्रारीचं उत्तर या भागाकारातच आहे. उलट ६०० किंवा ८०० मिलिग्रॅमची तीव्र कॅप्सूल घेतली तर ५ ते ७ मध्ये काम होतं.

किंमतही अशीच मोजा. समजा, एका बाटलीत ३०० मिलिग्रॅमच्या ६० कॅप्सुला ६०० रुपयांना आहेत. एकूण १८ ग्रॅम, म्हणजे ग्रॅमला ३३ रुपये. दुसरीत ६०० मिलिग्रॅमच्या ३० कॅप्सुला ९०० रुपयांना. एकूण तेवढेच १८ ग्रॅम, ग्रॅमला ५० रुपये. तीव्र कॅप्सूल महाग पडली, पण गिळायच्या संख्येने निम्मी झाली. कोणतं ओझं सोपं ते ज्याचं त्याने ठरवावं. तक्त्यातला आकडा एका कॅप्सुलचा आहे की ‘एका सेवनाचा’, म्हणजे दोन कॅप्सुलांचा, हे मात्र नक्की बघा.

‘ओमेगा ३-६-९’ लिहिलेली बाटली परत ठेवा. ओमेगा-६ आपल्याला सूर्यफूल, करडई, सोयाबीन तेलातून पोटभर मिळतं आणि ओमेगा-९ शरीर स्वतः बनवतं. ते विकत घेण्यात अर्थ नाही. कॉड लिव्हर ऑइल ही आणखी एक जुनी गल्लत. ते माशाच्या यकृताचं तेल, त्यात अ आणि ड जीवनसत्त्व असतं. ४ ग्रॅम ओमेगा-३ गाठण्यासाठी त्याच्या कॅप्सुला वाढवल्या तर अ जीवनसत्त्व धोक्याच्या पातळीला पोचू शकतं. शाकाहारी माणसांनी शैवालापासून काढलेलं तेल घ्यावं, माशांनाही डीएचए शैवालातूनच मिळतं. त्यातही हिरवा ठिपका बघा, कारण तेल शैवालाचं आणि बाहेरचं आवरण जिलेटिनचं असं होऊ शकतं.

पूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीवर एफएसएसएआय या सरकारी अन्न सुरक्षा संस्थेचा १४ अंकी परवाना क्रमांक असतो आणि औषधी वापरासाठी नाही असं छापलेलं असतं. ती ओळ गंभीरपणे घ्या. पूरक आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध यांची शुद्धता आणि तपासणी सारखी नसते.

तेल ताजं आहे का

गंजलेलं तेल घेऊन गंज कमी करायला निघणं हा सगळ्यात वाईट सौदा. तेल किती बिघडलंय ते मोजायला दोन आकडे वापरतात. पेरॉक्साइड आकडा बिघाडाची सुरुवात दाखवतो, तो ५च्या आत हवा. ॲनिसिडिन आकडा पुढच्या टप्प्यातला बिघाड दाखवतो, तो २०च्या आत हवा. पेरॉक्साइडची दुप्पट अधिक ॲनिसिडिन म्हणजे टोटॉक्स, तो २६च्या आत. या उद्योगातल्या उत्पादकांनीच स्वेच्छेने मान्य केलेल्या मर्यादा आहेत. पेरॉक्साइड ५ आणि ॲनिसिडिन २० असलेलं तेल वेगवेगळं पाहिलं तर पास होतं, पण टोटॉक्स ३० होतो आणि ते नापास ठरतं. म्हणून दोन्ही आकडे बघा. जुनाट तेलात पेरॉक्साइड पुन्हा कमी झालेला असू शकतो, कारण ते तुटून पुढची संयुगं बनलेली असतात. नुसता तोच आकडा मिरवणाऱ्या कंपनीवर विसंबू नका. चांगले उत्पादक बॅच क्रमांकावरून तपासणी अहवाल देतात. ई-मेल करून मागा, आणि देत नसतील तर दुसरी बाटली बघा.

घरची चाचणी नाकाची. नवीन बाटलीतली एक कॅप्सूल सुईने टोचा आणि तेल चमच्यात काढून वास घ्या. माशाचा मंद वास ठीक. जुन्या रंगाच्या डब्यासारखा, कडवट, घशाला खवखवणारा वास आला तर बाटली परत करा. लिंबू-संत्र्याचा स्वाद घातलेला असेल तर नाक फसतं, आणि आतड्यात विरघळणाऱ्या आवरणामुळे ढेकरही येत नाही. त्यामुळे अशी बाटली टोचून बघणं जास्तच गरजेचं.

इंटरनेटवर फिरणारी थर्माकोलची चाचणी विसरा. तेल थर्माकोल विरघळवतं म्हणून ते बनावट किंवा विषारी, असा तो दावा असतो. इथाइल एस्टर स्वरूपातलं ओमेगा-३ थर्माकोल विरघळवतंच, तो त्या रसायनाचा स्वभाव आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेली शुद्ध औषधंही याच स्वरूपात येतात. फ्रीजरमध्ये गोठतं का यावरूनही ताजेपणा कळत नाही.

अमेरिकेहून मुलगा किंवा भाची प्रेमाने घेऊन येते ती ३०० कॅप्सुलांची बरणी हा वेगळाच विषय. रोज एक घेतली तर ती दहा महिने चालते, रोज उघडते, रोज हवा खाते. लहान बाटली घ्या, दोन-तीन महिन्यांत संपेल अशी. उघडल्यावर फ्रिजमध्ये दारापेक्षा आतल्या कप्प्यात ठेवा. ओट्याच्या वर, गॅसजवळच्या कपाटात, मे महिन्यात गाडीच्या डिकीत नको. उन्हाळ्यात कुरिअरने मागवली आणि कॅप्सुला एकमेकींना चिकटून आल्या तर त्या वाटेत तापलेल्या आहेत.

घ्यायची कशी

उपाशीपोटी, सकाळच्या चहाबरोबर घेतलेली कॅप्सूल बरीचशी वाया जाते. इथाइल एस्टर पचायला जेवणात थोडी स्निग्धता लागते. भाजीत फोडणी आहे, वरणावर चमचाभर तूप आहे, अशा मुख्य जेवणाच्या मध्ये घ्या. अगदी शेवटी घेतली की माशाचे ढेकर जास्त येतात. मात्रा २ ग्रॅमच्या वर असेल तर दोन्ही जेवणांत वाटा. पहिल्या आठवड्यात निम्मी मात्रा घ्या, पोट बिघडलं नाही तर पूर्ण करा. जुलाब, मळमळ, ढेकर हे नेहमीचे त्रास बहुतेक वेळा एवढ्याने आटोक्यात येतात.

मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, इन्सुलिन यांतलं काहीही ओमेगा-३ सुरू केलं म्हणून कमी करायचं नाही. स्टॅटिनला तर ही कॅप्सूल अजिबात पर्याय नाही.

सुरुवातीच्या चार आठवड्यांत आठवड्यातून दोन-तीन वेळा उपाशीपोटीची साखर वहीत टिपून ठेवा. ८ ते १२ आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल पुन्हा, त्याच प्रयोगशाळेत, तेवढेच तास उपाशी राहून. ट्रायग्लिसराइड उतरलं नसेल तर तीन शक्यता तपासा: मात्रा कमी पडली, कॅप्सुला चुकल्या, की मूळ कारण, म्हणजे साखर किंवा दारू, तसंच आहे. मात्रा बरोबर असून १२ आठवड्यांत फरक नसेल तर थांबवा. एलडीएलचा, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलचा आकडाही बघा. ट्रायग्लिसराइड फार चढलेलं असताना डीएचए असलेल्या तेलाने एलडीएल वाढू शकतं.

धोका कुठे आहे

हृदयाचे ठोके अनियमित पडणं, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, हा या तेलाचा खरा आणि मात्रेबरोबर वाढणारा दुष्परिणाम आहे. ‘रिड्यूस-इट’मध्ये औषध घेणाऱ्यांपैकी ३.१ टक्के आणि तुलनेच्या गटातल्या २.१ टक्के लोकांना यासाठी रुग्णालयात दाखल व्हावं लागलं. ‘स्ट्रेंथ’मध्येही हाच कल दिसला. युरोपीय औषध संस्थेने २०२३ मध्ये याची दखल घेऊन रोज ४ ग्रॅमला धोका सर्वाधिक असल्याचं म्हटलं. आधी असा त्रास झालेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरूच करू नका. सुरू केल्यावर छातीत फडफड, अचानक दम लागणं, चक्कर असं काही जाणवलं तर कॅप्सूल थांबवून त्याच दिवशी ईसीजी काढा.

ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉर्फरिन किंवा ॲसेनोकुमेरॉल यांसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला. शेवटची दोन घेणाऱ्यांनी ओमेगा-३ सुरू केल्यावर आयएनआर ही रक्त गोठण्याची तपासणी लवकर करून घ्यावी. शस्त्रक्रिया किंवा दात काढण्याआधी औषधांच्या यादीत या कॅप्सुलचं नाव लिहा. ‘ते काही औषध नाही’ म्हणून ती यादीतून हमखास सुटते. माशाची ॲलर्जी असणाऱ्यांनी आणि गरोदरपणातला मधुमेह असणाऱ्यांनी दुकानातून परस्पर घेऊ नये.

ताटातलं ओमेगा-३

मासे खाणाऱ्या घरात आठवड्यातून दोनदा शंभर-सव्वाशे ग्रॅम तेलकट मासा, हा कॅप्सुलपेक्षा सरस मार्ग. आणि इथे स्वस्त मासाच वरचढ आहे: तारली आणि बांगडा. पापलेट चवीला राजा, पण ओमेगा-३च्या हिशेबात तारलीसमोर फिका. तारलीतलं तेल हंगामाप्रमाणे बरंच बदलतं, पावसाळा सरल्यावरची तारली चांगली तेलदार असते. बांगड्याचं तिखलं, तारलीचं कालवण किंवा केळीच्या पानात तव्यावर भाजलेला बांगडा असं करा. रवा लावून भरपूर तेलात तळला की माशातलं थोडं तेल कढईत उतरतं आणि कढईतलं ओमेगा-६ माशात शिरतं. कालवणाबरोबर भाताचा डोंगर चढवला तर साखरेच्या अंगाने सगळं मुसळ केरात, म्हणून भात एका वाटीवर ठेवा. सुका खारवलेला बांगडा याची जागा घेत नाही: मीठ फार, आणि उन्हात वाळताना तेल बिघडतं. मुशी, मोठी सुरमई, मोठा कुपा यांसारख्या शिकारी माशांत पारा साठतो, ते अधूनमधूनच. मूत्रपिंड अधू असेल तर माशाचं प्रमाण आहारतज्ज्ञाकडून ठरवून घ्या.

शाकाहारी घरात जवस. विदर्भ-मराठवाड्यात जवसाची चटणी ताटात असतेच, फक्त ती बरोबर करायला हवी. अख्खे जवस पचत नाहीत, जसे गेले तसे बाहेर पडतात. १०० ग्रॅम जवस मंद आचेवर तडतडेपर्यंतच भाजा, काळे पडू देऊ नका. पूर्ण गार झाल्यावर सुकी मिरची, जिरं, लसूण, थोडंसं मीठ घालून भरड वाटा. काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये, दोन आठवड्यांपुरतीच. रंगासारखा वास किंवा कडवटपणा आला की टाकून द्या. मोठा चमचाभर, म्हणजे साधारण ७ ग्रॅम जवसाच्या पुडीत दीड ग्रॅमच्या वर एएलए असतं. दिवसाची गरज भागते, वर तंतूही मिळतात. त्याबरोबर पाणी नीट प्या आणि औषधांच्या गोळ्या तासभर अंतराने घ्या. जवसाचं तेल कच्चंच घ्यायचं, फोडणीला वापरायचं नाही.

एक मर्यादा ध्यानात ठेवा. जवसातल्या एएलएचं शरीरात इपीए होतं ते दहा टक्क्यांच्याही आत, आणि डीएचए त्याहून फार कमी. ट्रायग्लिसराइड उतरवण्याचं काम जवसावर सोपवता येत नाही. कारळ्याची चटणीही अनेक जण ओमेगा-३ समजून खातात. ती चविष्ट आहे, पण कारळ्याचं तेल मुख्यतः ओमेगा-६ आहे. अळिवात एएलए खरोखरच चांगलं असतं, पण गूळ-खोबऱ्याचा लाडू करून ते खाल्लं तर मधुमेहात हिशेब उलटा बसतो. ताकात किंवा लिंबूपाण्यात भिजवून घ्या.

मग गंज कशाने कमी होतो

मुख्यतः साखर खाली ठेवल्याने. जेवणानंतर २५०ला चढणारी आणि मग ९०ला कोसळणारी साखर पेशींना जास्त जाचते, म्हणून जेवणानंतर दोन तासांचा आकडाही महिन्यातून काही वेळा बघा. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालल्याने तो खाली येतो, तेही फुकट. तंबाखू कोणत्याही रूपात असो, ती थेट ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसची भर आहे. दात घासायची मिश्री तर घरात कोणी तंबाखू म्हणून मोजतच नाही. तळणाचं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. हॉटेल-फरसाणवाल्यांसाठी एफएसएसएआयने खराब तेलातल्या ध्रुवीय संयुगांची मर्यादा २५ टक्के ठेवली आहे, घरच्या कढईला असा मोजणारा कोणी नसतो.

ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्यांचा मार्ग आजमावून झाला आहे. ‘होप’ चाचणीत ४०० युनिट ई घेऊन हृदयाला फायदा झाला नाही, आणि ‘सिलेक्ट’ चाचणीत त्याच मात्रेने पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त आढळला. कॅप्सुलमध्ये तेल टिकावं म्हणून घातलेलं किंचित ई चालतं, ते वेगळं. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेचा त्रास निराळा: दंडावर लावायचे काही सेन्सर आणि काही ग्लुकोमीटर त्यामुळे साखर खोटीच जास्त दाखवतात, आणि इन्सुलिन घेणारा माणूस त्या आकड्यावर मात्रा वाढवून बसतो.

पायाला मुंग्या येतात म्हणून ओमेगा-३ घेणारेही बरेच. अनेक वर्षं मेटफॉर्मिन घेतल्याने बी१२ कमी होऊ शकतं आणि मुंग्या त्यामुळेही येतात. आधी बी१२ तपासा. औषधाच्या दुकानात ‘एएलए’ मागताना तर विशेष जपा. नसांच्या त्रासासाठी मिथिलकोबालामिनबरोबर मिळणाऱ्या गोळीतलं एएलए म्हणजे अल्फा लिपोइक आम्ल, जवसातलं एएलए म्हणजे अल्फा लिनोलेनिक आम्ल. आद्याक्षरं सारखी, पदार्थ पूर्ण वेगळे, त्यामुळे चिठ्ठीवर पूर्ण नाव लिहून घ्या.